डाव्या बाजूचे नऊ बोल्ट

सुरुवातीलाच एक दुरुस्ती. दिनांक २७ जुलै २०२५ रोजी मी एक मृत्युपत्र लिहून शाळेच्या बाईंकडे ठेवले होते. त्याच्या चौथ्या कलमात मी म्हटले होते की, धरणाच्या तळाच्या दरवाज्याची डावी बाजू सरकारच्या हलगर्जीपणामुळे गंजली, आणि आठ वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत सरकारने फक्त उजवी बाजू करून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली. हे चूक आहे. कागदावर जी बाजू लिहिली होती तीच सरकारने दुरुस्त केली. कागद मी लिहिला होता. बाजू माझ्या हातून चुकली.

त्याच मृत्युपत्राच्या सहाव्या कलमात, पडवीतल्या पेटीत वडिलांनी ठेवलेले नऊ जुने बोल्ट भंगारात द्यावेत, असे मी लिहिले होते. तेही रद्द. ते बोल्ट कोणी हलवू नयेत. मला ते लागणार आहेत.

ते पहिले मृत्युपत्र पूर्ण रद्द समजावे. बाईंनी ते फाडायला काढले होते, पण मी फाडू दिले नाही. चुकीचा कागदही जपून ठेवावा, म्हणजे चूक कुठे झाली ते पुढच्या माणसाला कळते.

आता रीतसर. मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, धरणाच्या कार्यालयात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर नोंदी लिहिणारी, आणि वडिलांच्या माघारी यंदाच्या जुलैपासून पाण्याखाली उतरणारी, हे मृत्युपत्र दुपारच्या उजेडात, जेवण झाल्यावर, शुद्धीत लिहीत आहे. मला ताप नाही. भीती आहे, पण भीतीने माझी बुद्धी फिरत नाही, अक्षर तेवढे तिरके येते. उतरण्यासाठी कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. न उतरण्यासाठी तिघांनी आणला.

माझ्या व्यवसायाबद्दल सरकारी कागदांत घोटाळा आहे, तोही नोंदवते. वडिलांच्या नावापुढे 'पाणबुड्या' असे होते. माझ्या ओळखपत्रासाठी कारकुनाने त्याचे स्त्रीलिंग केले आणि 'पाणबुडी' असे छापले. त्यामुळे सरकारदरबारी मी नौदलाची मालमत्ता आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. निकाल यायचा आहे.

कलम १. घर. दोन खोल्या आणि मागची पत्र्याची पडवी वडिलांनंतर आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि मी अशा तिघांच्या नावावर झाली. माझा हिस्सा आईला. दादाला देत नाही, कारण तो पत्र्यावर लाउडस्पीकरचा आणखी एक कर्णा बसवील.

कलम २. पोस्टातली शिल्लक आईची. त्यातून आधी काकांच्या डोळ्यांचे काम करून घ्यावे. पाण्यात उतरलेल्याचा वर दोर धरणाऱ्याला डोळे लागत नाहीत असे काका म्हणतात, ते ऐकू नये.

कलम ३. हत्यारे आणि वस्तू. शिशाचा पट्टा, काचेचा मुखवटा आणि हवेची नळी काकांना. पाण्यातला दिवा कोणालाही द्यावा. खाली पाणी इतके गढूळ असते की दिवा म्हणजे नुसता पिवळा डाग. आमचे काम हाताने बघण्याचे. मोठा पाना मात्र आमचा नाही. वडिलांनी तो एकोणीस वर्षांपूर्वी कार्यालयाच्या भांडारातून चिठ्ठी देऊन आणला आणि परत करायचा राहिला. काम संपल्यावर तो भांडारात जमा करून पोच घ्यावी. माझे पेन शाळेच्या बाईंना द्यायचे होते, कारण आमच्या घरात सही करणारी मी पहिली आणि ती सही मला बाईंनी शिकवली. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे कळले, म्हणून पेन त्यांना कालच देऊन टाकले. हे लिहिण्यासाठी ते त्यांच्याकडून दोन तासांकरता मागून आणले आहे.

कलम ४. माझी चूक. हे कलम लांब आहे, पण याच्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

तळाचा दरवाजा दोन बाजूंच्या पोलादी पट्ट्यांमधून वर-खाली सरकतो. प्रत्येक पट्टी चौदा बोल्टांनी भिंतीला धरलेली आहे. वडील दरवर्षी खाली जाऊन एकेक बोल्ट चाचपत. सुरुवात उजवीकडे वरून. मग खाली, तळावरून पलीकडे, आणि डावीकडून वर. बोल्ट घट्ट असेल तर दोराला एक हिसका, ढिला असेल तर दोन, नसेलच तर तीन. वर काका दोर धरून बसत आणि हिसक्याप्रमाणे एका सुतळीला गाठी मारत. एक हिसका, साधी गाठ. दोन हिसके, दुहेरी गाठ. तीन हिसके, फास. सुतळीच्या सुरुवातीच्या टोकाला काका एक लाल चिंधी बांधत. दोघांनाही लिहिता येत नव्हते. घरी आल्यावर वडील चिंधीचे टोक स्वतःच्या मुठीत धरून माझ्यासमोर बसत, आणि मी गाठी वाचून सरकारी तक्ता भरत असे. दहाव्या वर्षापासून मी हे केले. एकही तक्ता परत आला नाही.

आठ वर्षांपूर्वी वडील पाण्यातून वर आले ते हुडहुडी भरूनच. घरी येताच झोपले. मी एकोणीस वर्षांची होते आणि कार्यालयात नुकतीच करारावर लागले होते. वाटले, त्यांना कशाला उठवायचे, एवढे तर मला येते. सुतळी ओली होती. लाल चिंधीचे पाणी ठिबकत होते आणि तक्ता कोरा पांढरा होता. त्यावर डाग पडू नये म्हणून मी चिंधी सोडून टाकली, सुतळी तारेवर वाळत घातली, आणि वाळल्यावर हाताला आले ते टोक धरून वाचायला बसले. ते शेवटचे टोक होते. सुतळी उलटी वाचली तर उजवीकडचे डावीकडे आणि डावीकडचे उजवीकडे जाते, बाकी सगळे जुळते. त्यामुळे काही खटकले नाही. डावीकडचे नऊ बोल्ट ढिले झाले होते. मी उजवीकडचे लिहिले. तक्त्यावर एकही डाग नव्हता.

एरवी असा तक्ता वर्षभर टेबलांवरून फिरतो. त्या वर्षी राष्ट्राभिमान सप्ताह दोन महिन्यांवर होता आणि सप्ताहाला दाखवायला काहीतरी हवे होते. चकचकीत पोशाखातले बाहेरचे पाणबुडे आले, मागे छायाचित्रकार आले. उजवीकडचे नऊ बोल्ट काढून नवे बसवले. मंत्री आले. परदेशी पोलादाचा एक खिळाही या भिंतीत नाही, असे ते तीन वेळा म्हणाले. दरवाजा राष्ट्राला अर्पण झाला. पितळी पाटी लागली. नंतर भिंतीवर इतका उंच ध्वजस्तंभ उभा राहिला की तो आमच्या पडवीतून दिसतो. त्याच्यापाशी दोन पहारेकरी असतात. दरवाज्यापाशी कोणी नसते. अर्पण झाल्यापासून दरवाज्याची वार्षिक तपासणी बंद झाली. मोठे साहेब तेव्हा म्हणाले होते, "आता काय तपासायचं? सगळं देशासमोर झालंय."

वडील दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेले. यंदा जुलैत दरवाज्यापुढच्या जाळीतला गाळ काढायला मी पहिल्यांदा तळापर्यंत गेले आणि सवयीने बोल्टांवरून हात फिरवला. उजवी बाजू नवी. डावीकडे ढिले बोल्ट गळून नऊ ठिकाणी नुसती भोके, आणि पट्टी भिंतीपासून बोटभर सुटलेली. त्या फटीतून पाणी ओढते. माझी नळी तिकडे खेचली गेली. काकांनी दोर ओढला म्हणून वर आले. मी कार्यालयाला लेखी कळवले. उत्तर आले की नोंदीनुसार दरवाजा सुस्थितीत आहे. मी संतापले आणि वर सांगितलेले पहिले मृत्युपत्र लिहिले.

कलम ५. मला खरे कसे कळले. दादा सप्ताहाचा निवेदक आहे. त्याला वाचता येत नाही. तो आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर कामाला लागला, आणि शाळेची फी एकाच्याच पुरती होती ती माझ्या वाट्याला आली. हे मी विसरत नाही. कार्यक्रमाचे कागद मी त्याला वाचून दाखवते, तो एकदा ऐकतो आणि पाठ म्हणतो. चौदा सप्टेंबरला मी त्याला यंदाची पत्रिका वाचून दाखवत होते. त्यात होते : शनिवार ११ ऑक्टोबर, सायंकाळी पाच, माननीय मंत्री कळ दाबून तळाचा दरवाजा संपूर्ण उघडतील.

मी थांबले.

"वाच ना पुढे," दादा म्हणाला. "टाळ्यांची जागा कुठे आहे ते सांग."

दरवाजा अकरा वर्षांत पूर्ण उघडलेला नाही. डावी पट्टी अशी सुटलेली असताना तो उचलला तर अर्ध्यावर तिरका होऊन अडकेल. मग वरही जाणार नाही आणि खालीही येणार नाही, आणि सुटलेले पाणी बंद करता येणार नाही. धरण यंदा काठोकाठ आहे. खालच्या वस्तीत तीनशे घरे आहेत, बाईंची शाळा आहे, आणि आमच्या दोन खोल्या आहेत.

मी तशीच काकांकडे गेले. दोर धराल का म्हणून विचारायला गेले होते, आणि जाताजाता सरकारला शिव्या देत होते. काका विडी विझवून म्हणाले, "सरकारला घाल शिव्या, त्याचं काही जात नाही. पण ही शिवी त्याची नव्हे."

"मग कोणाची?"

"ती उजवी बाजू तू लिहिलीस, पोरी. डावी होती. गाठी मी मारल्यात, मला कोण सांगतंय?"

वडिलांनी त्यांच्याकडे ठेवायला दिलेली त्या वर्षीची सुतळी त्यांनी काढून दिली. एका टोकाला चार बोटे गुलाबी डाग होता. चिंधी मी सोडली होती, पण रंग तिथेच राहिला होता. मी त्या टोकापासून वाचले. दोनदा वाचले.

"बाबांना माहीत होतं?"

"नवे बोल्ट बसवताना तो खाली हाताशी होता ना. जुने निघाले ते बघितले, सगळे ठणठणीत. तिथंच कळलं त्याला. ते नऊ पोत्यात घालून घरी आणले. दरवर्षी तेल लावायचा."

"आणि कोणाला काहीच बोलले नाहीत?"

"बोलला की. साहेबांना दोनदा म्हणाला, डावीकडे एकदा बघून घ्या. साहेब म्हणाले, कागदावर डावी चांगली आहे. आता कागद खोटा म्हणायचा तर तुझं नाव घ्यावं लागणार. नाही घेतलं."

 काकांनीच पुढे सांगितले. वडील दरवर्षी जाळी साफ करायच्या निमित्ताने खाली जात आणि डाव्या पट्टीच्या फटीत लाकडी पाचरी ठोकून येत. सहा वर्षे त्या पाचरींनी पट्टी धरली. दोन वर्षे ठोकायला कोणी नाही. "पोरीनं लिहिलंय ते निभावून न्यायला आपण आहोत, असं म्हणायचा," काका म्हणाले. "मी म्हटलं, लिहिणं तिचं आणि बुडणं आपलं, झकास आहे. तर हसला."

म्हणून स्पष्ट लिहून ठेवते. वडिलांकडे कोणी बोट दाखवू नये. काकांकडेही नाही. त्यांनी मला सहा वर्षे सांभाळून घेतले. त्यांनी माझ्या तोंडावर सांगायला हवे होते, असे मला वाटते, आणि हे वाटणे मी मागे घेत नाही. पण ते रागावणे आता कोणावर सोपवण्यासारखे नाही. ते माझ्याबरोबर राहील.

कलम ६. मी काय केले. दुसऱ्याच दिवशी चूक कबूल करणारा अर्ज, जुना तक्ता आणि सुतळीचे छायाचित्र घेऊन मी मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांची खोली मला नेहमी जरा थंड वाटते. भिंतीवर दरवाज्याचे रंगीत चित्र आहे, त्यात पाणी निळे आहे.

त्यांनी दोनदा वाचले. "म्हणजे तुमचं म्हणणं, सरकारनं चुकीच्या बाजूला बोल्ट बसवले."

"सरकारने नाही, साहेब. मी चुकीची बाजू लिहिली."

"पण बसवले कोणी?"

"सरकारने."

"मग तेच झालं ना, बाई." त्यांनी चष्मा काढला. "हा अर्ज मी वर पाठवला, तर पहिला प्रश्न काय येईल सांगू? ही मुलगी कोणासाठी काम करते. सीमेपलीकडचे आपल्या धरणाकडे डोळे लावून बसलेत, आणि आपल्याच कार्यालयातून कागद निघतो की दरवाजा ढिला आहे."

"मी तुमच्यासाठीच काम करते, साहेब. अकरा महिन्यांच्या करारावर. सहावा महिना चालू आहे."

ते हसले नाहीत. मी विचारले, कार्यक्रमात दरवाजा उघडण्याऐवजी दुसरे काही ठेवता येईल का. ते म्हणाले, पत्रिका छापून गेली. मी विचारले, मग आधी बोल्ट बसवून घेता येतील का. ते म्हणाले, अर्पण झालेल्या दरवाज्याला सप्ताहाच्या तोंडावर हात लावायचा तर मंजुरी राजधानीतून यायला हवी, आणि मंजुरी मागायची तर कारण लिहावे लागेल.

"कारण मी लिहून देते."

"ते दिसतंय मला," ते म्हणाले. मग शिक्का उचलून माझ्या अर्जावर स्वतःच्या हाताने 'पोहोचला' असा उमटवला. "एवढं मी करू शकतो. परवानगी देत नाही, हे लक्षात ठेवा. नाकारल्याचंही लिहीत नाही."

साहेबांबद्दल मी पहिल्या मृत्युपत्रात 'भ्याड' हा शब्द वापरला होता. तो खोडावा. त्यांच्या जागी मी असते तर शिक्कासुद्धा उमटवला असता की नाही, मला सांगता येत नाही. मी तक्त्यावर डाग पडू नये म्हणून चिंधी सोडणारी बाई आहे.

परवानगी नसताना मी उतरणार आहे, हे मी कार्यालयाला लेखी कळवले आहे. पोच या कागदाला जोडली आहे. जबाबदारी माझी एकटीची.

कलम ७. काम. खाली भोके शाबूत आहेत. वडिलांनी जपलेले नऊ बोल्ट त्याच मापाचे आहेत. वस्तीतल्या लेथवाल्याने त्यांचे आटे साफ करून दिले आणि पट्टी मागे रेटायला एक छोटा जॅक दिला. हवेचा पंप डिझेलवर चालतो, तो तोच सांभाळणार आहे. एका बोल्टाला तेरा मिनिटे धरली तर नऊ बोल्टांना एक तास सत्तावन्न मिनिटे. खालून सुरुवात करायची. पाच बसले तरी पट्टी धरेल. मला फक्त एवढी खात्री हवी होती की मी खाली असताना वर कोणी रंगीत तालमीसाठी दरवाज्याची कळ दाबणार नाही. ती खात्री दादाशिवाय कोणी देऊ शकत नव्हते.

कलम ८. दादा. दादाशी माझे भांडण आठवडाभर चालले. पडवीत, दारात, एकदा रस्त्यावर, शेजारणींच्या देखत.

"तू म्हणतेस मी माईकवर खोटं बोलतो?"

"खोटं नाही. तू जे बोलतोस ते मीच तुला वाचून दाखवलंय."

"आमचं पोलाद, आमचे हात, आमचा दरवाजा! लोकांच्या अंगावर काटा येतो. म्हातारी माणसं रडतात. ते काय खोटं रडतात?"

"खरं रडतात. पण दादा, खाली नऊ बोल्ट नाहीत."

"देशावर प्रेम करणं चूक आहे का, ते सांग मला."

"नाही. मला फक्त बोल्ट बसवायचेत."

"तुझं नेहमी असंच. माणूस आभाळाएवढं बोलतो आणि तू खाली वाकून त्याच्या चपलेचा तुटलेला अंगठा दाखवतेस!"

मला हसू आले आणि तो आणखी भडकला. चार दिवस बोलला नाही. त्या चार दिवसांत तो एकटा जाऊन काकांकडून सुतळीवरच्या गाठी शिकून आला, हे मला नंतर कळले. वाचता न येणाऱ्या माणसाने आमच्या घरातला हा एक कागद स्वतः वाचून बघितला. परवा संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, "माईकची चाचणी आहे. आठ कर्णे आहेत, त्यांना विजेची मोठी लाईन लागते. तिकडे मोठी लाईन एकच, दरवाज्याच्या मोटरची. ती मी मागून घेतलीय. सकाळी सात ते नऊ. तेवढा वेळ मंत्री आला तरी दरवाजा हलणार नाही."

"लेखी घेतलंस?"

"तुझी शपथ, तू बहीण आहेस का भांडारपाल?" मग खिशातून कागद काढून दिला. शिक्का होता. "दोन तास मी माईक सोडत नाही. घसा बसला तरी बोलत राहतो. खाली आवाज येईल का तुला?"

मी सांगितले की पाण्यात शब्द कळत नाहीत, घुमल्यासारखे येते.

"बरंय," दादा म्हणाला. "घुमायचं थांबलं तर हातातलं टाक आणि वर ये."

दादाला मी माझे रेशनकार्डावरचे नाव सोडून बाकी सगळे देऊ शकते, पण त्याला हवे असे माझ्याकडे काही नाही. म्हणून माझे शब्दकोश आणि अंकलिपी त्याला. शाळेच्या बाईंनी त्याला शिकवायचे कबूल केले आहे. तो लाजेल. बाईंनी लाजू द्यावे आणि शिकवावे.

कलम ९. भांडणे. ओळखपत्रवाल्या कारकुनाशी माझे भांडण चालू आहे. ते माझ्यानंतर आईने चालवावे, तिला त्याची आवड आहे. नळावरच्या शेजारणीने माझ्या बादलीला लाथ मारली होती, ते मिटले असे समजावे, कारण आधी मी तिच्या बादलीला मारली होती. मंत्र्यांबद्दल माझी तक्रार एवढीच की त्यांनी आठ वर्षांपूर्वी तीन वेळा पोलादाचे नाव घेतले आणि एकदाही विचारले नाही की काढलेले बोल्ट दाखवा. ते ठणठणीत होते. कोणीही बघितले असते तर चूक त्याच दिवशी पकडली गेली असती. माझी चूक मी नाकारत नाही. पण एका मुलीच्या तक्त्यावर कोणीच दुसरी नजर टाकली नाही, हेही या कागदात असू द्यावे.

कलम १०. मी वर आले नाही तर. पाणी उतरेपर्यंत शोधायला कोणी खाली जाऊ नये, काकांनी तर अजिबात नाही. मला वीरकन्या म्हणू नये. ध्वजस्तंभापाशी सभा घेऊ नये. सरकारने दरवाज्याला माझे नाव द्यायचे म्हटले तर आईने नम्रपणे नाही म्हणावे आणि त्याऐवजी वार्षिक तपासणी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज द्यावा. अर्ज लिहून या कागदाखाली ठेवला आहे, तारीख तेवढी घालायची. दादाने कर्ण्यावरून माझ्याबद्दल काही बोलू नये. घरात बोलावे. आणि जितके बोल्ट बसले असतील तितक्या गाठी काकांच्या सुतळीवर असतील. तो आकडा, कमी असो की जास्त, साहेबांना खरा कळवावा, म्हणजे दरवाजा उघडायचा की नाही ते त्यांना ठरवता येईल. आता त्यांच्याकडे शिक्का मारलेला अर्ज आहे. कळत नव्हते, असे कोणाला म्हणता येणार नाही.

कलम ११. आई. आईला मी शेवटी सांगितले. ती भांडी घासत होती, थांबली नाही. म्हणाली, "तुझा बाप अंथरुणात गेला. पाण्यात नाही गेला. तेवढं सुख त्यानं मला दिलं. तू तेवढं तरी दे."

मी सांगितले की माझ्या हातून चूक झाली आहे.

"चुका सगळ्यांच्या हातून होतात. सगळे पस्तीस फूट खाली जातात का?"

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत एक फडके ठेवलेले दिसले. आत सहा पाचरी होत्या, सागवानाच्या, नव्या तासलेल्या. 

"बोल्ट बसेपर्यंत फट धरतील," ती म्हणाली. "दरवर्षी मीच तासून द्यायचे. तुझ्या बापाला बारीक धार जमायची नाही."

म्हणजे तिलाही माहीत होते. ज्या मोठ्या माणसांना अक्षर येत नव्हते त्या सगळ्यांना माहीत होते. अक्षर येणाऱ्या मला तेवढे नव्हते.

आईला या कलमात काय द्यावे हे मी तीन वेळा लिहून खोडले. खाडाखोड राहू दिली आहे. तिथे बाईंनी आणि लेथवाल्याने आद्याक्षरे केली आहेत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दादाने करावी, वाचून बाईंनी दाखवावे. वर लिहिलेले सगळे मला माहीत आहे तेवढे खरे आहे. जिथे खात्री नव्हती तिथे तसे म्हटले आहे.

हा मजकूर बाईंनी आम्हा सर्वांसमोर मोठ्याने वाचला. मग मी साक्षीदारांच्या देखत, आणि साक्षीदारांनी माझ्या देखत सही केली.

सही : लिहून ठेवणारी, पाणबुड्याची मुलगी

साक्षीदार पहिली : प्राथमिक शाळेच्या निवृत्त बाई (सही)
साक्षीदार दुसरा : लेथवाला (सही)

ठिकाण : राहते घर, मागची पडवी
दिनांक : रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

सह्या झाल्यावर वाढवलेला मजकूर, साक्षीदारांच्या संमतीने : वाचून झाल्यावर आईने विचारले, "दिवस लिहिलास का?" मी म्हटले, मृत्युपत्रात मरणाचा दिवस लिहीत नाहीत. ती म्हणाली, "मरणाचा नाही म्हणत मी. कामाचा लिही. लिहिला नाहीस तर आणखी एकदा तपासते, आणखी एकदा मोजते करत बसशील आणि शनिवार उजाडेल. मी ओळखते तुला."

म्हणून लिहिते. मी खाली उतरणार तो दिवस गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५, सकाळी सात वाजता.